कपाळावर मार्करची रेष ओढण्याआधी: हेअर ट्रान्सप्लांटमधली हेअरलाइन कशी ठरवावी?

मार्च २०२५ मध्ये कानपूरमधल्या एका अभियंत्याने हेअर ट्रान्सप्लांट करून घेतले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याचा मृत्यू झाला. पत्नीच्या तक्रारीवरून मे महिन्यात गुन्हा दाखल झाला. मग आणखी एक कुटुंब पुढे आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच ठिकाणी ट्रान्सप्लांट केल्यानंतर आमच्याही घरातला तरुण गेला, असे त्यांचे म्हणणे होते. तोही अभियंताच होता. ट्रान्सप्लांट करणारी व्यक्ती दंतवैद्य असल्याचे तपासात समोर आले. प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे दोष कुणाचा यावर मी काही लिहिणार नाही.

या बातमीनंतर माझ्या दवाखान्यात येणाऱ्या तरुणांचे प्रश्न बदलले. पूर्वी ते विचारायचे, ‘डॉक्टर, किती ग्राफ्ट लागतील? खर्च किती येईल?’ आता विचारतात, ‘हे सेफ आहे का?’ प्रश्न योग्यच आहे. पण अजूनही कुणी असे विचारत नाही की, माझी हेअरलाइन कुठे येणार आहे आणि ती कोण ठरवणार आहे?

मला हाच प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा असे वाटते. कारण केसांची नवी रेष नैसर्गिक दिसेल की नाही, एवढ्यापुरता तो नाही. तुम्ही ज्या खुर्चीत बसला आहात ती डॉक्टरची आहे की विक्रेत्याची, हे त्या मार्करच्या रेषेवरून पहिल्या पंधरा मिनिटांत कळू शकते.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी हेअर ट्रान्सप्लांट करत नाही. मी एमबीबीएस झालेला जनरल प्रॅक्टिशनर आहे. लोक माझ्याकडे ट्रान्सप्लांटच्या आधी रक्ततपासण्या घेऊन येतात आणि नंतर टोपी घालून येतात. टोपी काढल्यावर काय दिसते, ते मी बरेचदा पाहिले आहे. आणि हो, माझेही केस पस्तिशीपासून मागे सरकत आहेत, त्यामुळे आरशासमोर उभे राहून वाटणारी चुटपुट मला पुस्तकातून शिकावी लागलेली नाही.

रेष कोण ओढतो?

अनेक क्लिनिकमध्ये तुमची पहिली भेट ‘काउन्सेलर’शी होते. ही व्यक्ती बोलायला गोड असते, मोबाइलवर फोटो दाखवते, तुमच्याच फोटोवर दाट केस लावून दाखवते. मग मार्कर घेऊन कपाळावर रेष ओढते आणि आरसा हातात देते. ‘एवढी खाली चालेल ना सर?’ तुम्ही हसता, कारण आरशात तुम्हाला कॉलेजमधले तुम्ही दिसता. लगेच टोकनची रक्कम, ईएमआय आणि ‘आज बुक केलं तर डिस्काउंट’ सुरू होते.

या सगळ्यात डोक्याच्या मागच्या भागाला कुणी हात लावलेला नसतो. वडिलांचे आणि मामांचे केस कसे होते, हे विचारलेले नसते. मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, हेही विचारलेले नसते.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, म्हणजे एनएमसीने, सप्टेंबर २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचा गाभा सोपा आहे. हेअर ट्रान्सप्लांट ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. ती करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरचे शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण झालेले हवे. त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन यांच्या अभ्यासक्रमात ते असते. कार्यशाळा बघून किंवा यूट्यूब पाहून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही, असेही आयोगाने म्हटले आहे. तंत्रज्ञ आणि नर्स मदत करू शकतात, पण जबाबदारी डॉक्टरची. जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस केलेले दंतवैद्य ट्रान्सप्लांट करू शकतात, अशी डेंटल कौन्सिलची भूमिका आहे आणि त्वचारोगतज्ज्ञांचा तिला विरोध आहे. तो वाद चालू राहील. तुमच्यापुरता मुद्दा असा, की माझ्यासारख्या साध्या एमबीबीएसने दोन दिवसांचा कोर्स करून हे काम सुरू करू नये. कुणी केले असेल, तर तुम्ही त्याचे गिऱ्हाईक होऊ नये.

म्हणून पहिली अट ठेवा. रेष ओढणारा हात आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी कपाळावर छेद घेणारा हात एकाच डॉक्टरचा असावा. शस्त्रक्रियेच्या दिवशी दुसराच कुणी दिसला, तर उठून यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पैसे भरले असले तरी.

रेष कुठे असावी?

हात कपाळावर आडवा ठेवून पाहा. करंगळी दोन भुवयांच्या मधोमध टेकवा आणि बाकीची तीन बोटे तिच्यावर. साधारण त्या चार बोटांच्या वरच्या कडेपाशी, म्हणजे भुवयांच्या मध्यापासून ७ ते ९ सेंटिमीटरवर, प्रौढ पुरुषाच्या हेअरलाइनचा मधला बिंदू येतो. चेहरा लांब असेल तर जरा वर, छोटा असेल तर जरा खाली. पट्टीने मोजून सगळ्यांना एकच आकडा लावणाऱ्या क्लिनिकपासून सावध राहा.

दुसरी खूण म्हणजे आठ्या. भुवया जोरात वर उचला. कपाळावर आठ्या पडतात. शाळकरी मुलाच्या केसांची रेष सगळ्यात वरच्या आठीला जवळपास चिकटलेली असते. वयात आल्यावर बहुतेक पुरुषांची रेष त्या आठीपासून एक-दीड सेंटिमीटर वर सरकते आणि तिथे थांबते. हे टक्कल नाही, मोठे होणे आहे. विशीतला मुलगा दहावीच्या फोटोशी तुलना करून घाबरतो तेव्हा अनेकदा एवढेच झालेले असते. त्याला ट्रान्सप्लांटची गरज नसते. त्याचा फोटो दर सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात काढून ठेवला तर रेष खरोखर मागे जाते आहे का ते कळते.

यावरून एक कामाची परीक्षा मिळते. मार्करने आखलेली रेष वरच्या आठीवर किंवा तिच्याही खाली असेल, तर ती चुकीची आहे. अशा रेषेवर लावलेले केस तुम्ही भुवया उंचावल्यावर त्वचेबरोबर हलतात आणि समोरच्याला काहीतरी खटकते. काय खटकते ते त्याला सांगता येत नाही, पण नजर परत परत तिथेच जाते.

तिसरी जागा म्हणजे दोन्ही बाजूंचे कोपरे. पुरुषाच्या हेअरलाइनला दोन्हीकडे थोडे आत गेलेले कोपरे असतातच. डोळ्याच्या बाहेरच्या कडेपासून सरळ वर एक काल्पनिक रेष न्या. कोपरा साधारण त्या रेषेवर येतो. हे कोपरे भरून टाकून कानशिलापर्यंत सपाट, गोल रेष करून देणे म्हणजे पुरुषाच्या चेहऱ्याला मुलीची किंवा लहान मुलाची हेअरलाइन देणे. ग्राहक ‘कोपरे भरा’ असेच सांगतो. चांगला सर्जन इथे नाही म्हणतो.

कानशिलावरचे केस मागे गेले असतील तर हे आणखी महत्त्वाचे होते. कानशील मोकळे आणि कपाळावर मात्र खाली आणलेली दाट रेष, असे डोके बाजूने पाहिले की झाकण ठेवल्यासारखे दिसते. समोरून काढलेल्या फोटोत ते लपते, म्हणून क्लिनिकच्या भिंतीवर नेहमी समोरचे फोटो असतात.

एक सेंटिमीटरची किंमत

आता हिशेब. तो कंटाळवाणा वाटेल, पण सगळी फसगत याच जागी होते.

ट्रान्सप्लांटमध्ये नवे केस तयार होत नाहीत. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस आयुष्यभर टिकण्याकडे कल असतो, म्हणून तिथली मुळे काढून पुढे लावतात. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, सरासरी दोनच्या आसपास. सामान्य माणसाच्या मागच्या भागातून सगळ्या आयुष्यात मिळून, मागे टक्कल न दिसता, साधारण ४ ते ६ हजार ग्राफ्ट काढता येतात. कुणाचे कमी, कुणाचे जास्त. ही मुदत ठेव आहे असे समजा. मोडता येते, पण तिच्यात नव्याने भरणा करता येत नाही.

हेअरलाइन एक सेंटिमीटर खाली आणायची तर किती ग्राफ्ट जातात? कपाळाची रुंदी १२ सेंटिमीटर धरली तर १२ चौरस सेंटिमीटर जागा झाली. पुढचा भाग बऱ्यापैकी दाट दिसायला दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४० ग्राफ्ट लागतात. म्हणजे एका सेंटिमीटरला जवळपास ५००. दोन सेंटिमीटर खाली आणली आणि कोपरेही भरले, तर हजार-दीड हजार ग्राफ्ट निव्वळ या हौसेत गेले.

तेवीस वर्षांच्या मुलाला आज त्याचे काही वाटत नाही, कारण आज मागे केस आहेत. पण पुरुषांमधले आनुवंशिक टक्कल तिथेच थांबत नाही. ते मोजण्यासाठी हॅमिल्टन-नॉरवूड नावाची सात टप्प्यांची पट्टी वापरतात. सहाव्या टप्प्याला पोहोचलेल्या माणसाच्या डोक्यावर मोकळी जागा २०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असते. तिथे विरळ, दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्राफ्ट लावायचे म्हटले तरी ६ हजार लागतात. म्हणजे सगळी ठेव. तुम्ही तर त्यातले दीड हजार तेविसाव्या वर्षी कपाळावर खर्च करून बसला आहात.

मग चाळिशीत काय दिसते? लावलेले केस टिकतात, कारण ते मागच्या भागातले आहेत. त्यांच्या मागचे मूळचे केस मात्र गळत जातात. समोर दाट पट्टी आणि मागे मोकळे मैदान. टक्कल नैसर्गिकरीत्या कधीच असे पडत नाही, त्यामुळे हे कुणाच्याही लक्षात येते. टक्कल लपवायला केलेला खर्च टक्कल दाखवू लागतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा आई-वडिलांसोबत आला होता. स्थळे पाहायला सुरुवात झाली होती आणि एका ठिकाणाहून ‘मुलाचे केस कमी आहेत’ असा निरोप आला होता. आई म्हणाली, ‘डॉक्टर, लग्नापुरतं तरी नीट दिसू दे.’ मी वडिलांकडे पाहिले. त्यांच्या डोक्यावर कानांभोवतीची झालर सोडून काही नव्हते, आणि आजोबाही तसेच होते म्हणे. मी मुलाला विचारले, ‘लग्नानंतर किती वर्षं जगायचं आहे?’ सगळे हसले. नंतर त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवले. तिथे आधी औषधे सुरू झाली. ट्रान्सप्लांट त्याने बऱ्याच वर्षांनी केले, आणि रेष वर, कोपरे मोकळे ठेवून. लग्न त्याआधीच झाले होते.

पंचविशीच्या आत बहुतेक जाणकार सर्जन हात आखडता घेतात, त्याचे कारण हेच आहे. टक्कल कुठवर जाणार हे तोवर कळलेले नसते. ‘तुमच्या वयाला आत्ता करून घ्या, वाट पाहू नका’ असे जो सांगतो, त्याला तुमच्या पन्नाशीशी देणेघेणे नाही.

नैसर्गिक रेष म्हणजे सरळ रेष नव्हे

भाताची लावणी पाहिली असेल. रोपे ओळीत, सारख्या अंतरावर. शेतात ते छान दिसते, कपाळावर नाही. कुठल्याही माणसाचे कपाळ जवळून पाहा. केसांना अशी रेष नसतेच. कपाळाच्या कडेला एकेकटे, बारीक केस विखुरलेले असतात, मग हळूहळू दाटी वाढत जाते. या अर्धा ते एक सेंटिमीटरच्या पट्ट्यात सगळे कौशल्य असते.

इथे पहिल्या दोन-तीन ओळींत फक्त एका केसाचे ग्राफ्ट लावायला हवेत. दोन आणि तीन केसांचे ग्राफ्ट मागे. घाईत किंवा अननुभवी हातांनी मिसळून लावले की कपाळावर केसांचे झुबके उभे राहतात. रेष मुद्दाम थोडी नागमोडी, थोडी तुटक ठेवावी लागते. उजवी आणि डावी बाजूही तंतोतंत सारखी असू नये. केस पुढे झुकलेले, त्वचेला जवळपास लागून निघाले पाहिजेत आणि कानशिलाकडे जाताना त्यांची दिशा खाली वळली पाहिजे. ही दिशा त्वचेत छेद घेताना ठरते, केस बसवताना नाही. म्हणून छेद कोण घेणार, हा प्रश्न डॉक्टरला थेट विचारा.

ही अक्कल वैद्यकशास्त्राला उशिरा आली. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले, की मागचे केस पुढे लावले तरी ते आपला मूळचा स्वभाव सोडत नाहीत आणि टिकतात. त्यानंतर काही दशके जाड, जवळपास चार मिलिमीटरचे गोल तुकडे लावले गेले. त्यात डझनभर केस एकत्र असत आणि डोके बाहुलीसारखे दिसे. आज एफयूई पद्धतीत एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक नळीने एकेक ग्राफ्ट काढतात. साधने सुधारली आहेत. आता बाहुलीसारखे डोके दिसले, तर दोष आखणीचा असतो.

जाहिरातीत एफयूई, डीएचआय, सफायर, रोबोट असे शब्द येतात. यातले बरेचसे साधनांचे प्रकार आहेत. ते वापरून हेअरलाइन चुकीच्या जागी लावता येतेच.

जास्त ग्राफ्ट म्हणजे जास्त चांगले?

मार्च २०१९ मध्ये मुंबईतल्या ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर दोन दिवसांच्या आत मृत्यू झाला. एकाच वेळी ९,५०० ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. तीव्र अ‍ॅलर्जीची शंका व्यक्त झाली होती. नेमके कारण काहीही असो, हा आकडा वाचून मला धक्का बसला होता. वर सांगितलेली आयुष्यभराची ठेव आठवा. तिच्यापेक्षा मोठा आकडा एका बैठकीत.

खाली आणलेली रेष, भरलेले कोपरे आणि ‘एकाच दिवसात पूर्ण डोके’ यातून ग्राफ्टचा आकडा फुगतो. आकडा फुगला की वेळ वाढतो आणि भूल वाढते. ही भूल बहुधा लिग्नोकेनच्या इंजेक्शनने जागेपुरती देतात. सुरक्षित औषध आहे, मीही टाके घालताना रोज वापरतो. पण त्याला मर्यादा आहे. अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असेल तर वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला साधारण ४९० मिलिग्रॅम. २ टक्क्यांच्या बाटलीतून हे जेमतेम २४ मिलिलिटर होते. त्यापलीकडे हृदयाची लय बिघडणे, झटके येणे असे धोके सुरू होतात. हा हिशेब तुम्ही करायचा नाही. पण त्या खोलीत तो करणारे कुणीतरी असले पाहिजे. आणि अचानक अ‍ॅलर्जी आली तर अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन, ऑक्सिजन आणि ते वापरता येणारा माणूस हाताशी हवा. सलूनच्या वरच्या मजल्यावर हे नसते.

म्हणजे हेअरलाइन संयमाने आखणे ही नुसती दिसण्याची गोष्ट उरत नाही. रेष शहाणी असेल तर ग्राफ्ट कमी लागतात, भूल कमी लागते, खुर्चीवरचे तास कमी होतात.

आधी निदान, मग मार्कर

सगळे केस गळणे म्हणजे आनुवंशिक टक्कल नव्हे. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांमध्ये लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवले. त्यातल्या अनेकांचे केस पुढे परत आले. उदाहरण टोकाचे आहे, पण डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर, बाळंतपणानंतर, थायरॉइड बिघडल्यावर, रक्त कमी झाल्यावर गळणारे केसही बहुधा परत येतात. चाई पडली असेल किंवा त्वचेवर व्रण करणारा आजार चालू असेल, तर लावलेले केसही जाऊ शकतात. बायकांमध्ये हे विशेष पाहावे लागते. त्यांचे केस सहसा भांगापाशी विरळ होतात, पुढची रेष शाबूत राहते. पुढचीच रेष मागे जात असेल तर घट्ट अंबाड्या-वेण्यांची ओढ आहे की व्रणाचा आजार, हे त्वचारोगतज्ज्ञाने तपासल्याशिवाय मार्कर उचलू नये.

औषधांचेही आधीच ठरवा. ट्रान्सप्लांट मूळच्या केसांची गळती थांबवत नाही. मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड पुढे बरीच वर्षे घ्यावे लागू शकते, आणि ते घ्यायची तयारी नसेल तर रेष आणखी वर आखली पाहिजे. फिनास्टेराइडने काहींना लैंगिक तक्रारी येतात. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा त्याचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. औषधाचे फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, असेही तिने म्हटले. त्यामुळे गोळी सुरू केल्यावर मन उदास राहू लागले तर ती बंद करून डॉक्टरांना भेटा, वाट पाहू नका. पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठी पीएसए तपासणी केली तर ही गोळी चालू आहे हे सांगा. तिच्यामुळे तो आकडा जवळपास निम्मा येतो आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. आणि हृदयात स्टेंट असेल तर क्लिनिकने फोनवर सांगितले म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल परस्पर बंद करू नका.

खुर्चीत बसल्यावर

रेष आखून झाली की लगेच हो म्हणू नका. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून फोटो काढा, भुवया उंचावूनही एक काढा. ते फोटो घरी आणा. बायकोला, भावाला, नेहमीच्या न्हाव्याला दाखवा. न्हाव्याला खरेच दाखवा. त्याने हजारो हेअरलाइन पाहिलेल्या असतात. वडिलांचा किंवा मामांचा फोटो शेजारी ठेवून पाहा, की त्यांच्याएवढे टक्कल पडले तर ही रेष कशी दिसेल.

डॉक्टरला त्याच्या जुन्या रुग्णांचे, केस मागे विंचरलेले आणि प्रखर उजेडातले फोटो मागा, तेही किमान वर्षानंतरचे. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे उगवू लागतात आणि पूर्ण चित्र दिसायला वर्ष लागते. त्याआधीचा फोटो काही सांगत नाही. एकूण किती ग्राफ्ट काढणार आणि पुढच्यासाठी किती शिल्लक राहतील, हे लिहून घ्या. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. खर्चाचेही स्पष्ट विचारा: टक्कल हे कॉस्मेटिक कारण मानले जाते, त्यामुळे विमा मिळत नाही आणि वर १८ टक्के जीएसटी लागतो. ‘बिल नको असेल तर कमी करू’ असे कुणी म्हणाले तर नको म्हणा, कारण काही बिघडले तर ग्राहक आयोगापुढे तेच बिल लागते.

घरच्यांसाठी एक सूचना. ट्रान्सप्लांटनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कपाळ आणि पापण्या सुजतात, हे सहसा आपोआप उतरते. पण ताप, वाढत जाणाऱ्या वेदना, लाल-गरम होत पसरणारी सूज, पू, काळी पडत चाललेली त्वचा, अंगावर पित्त उठणे, धाप लागणे किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर क्लिनिकच्या फोनची वाट पाहू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि ट्रान्सप्लांट झाले आहे हे तिथे लगेच सांगा. कमीपणा वाटून ही गोष्ट लपवणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

रेष आधीच चुकली असेल तर

घाई करू नका. वर्ष होईपर्यंत थांबा, कारण तोवर खरे चित्र कळत नाही. रेष टोकदार आणि जाड दिसत असेल तर तिच्या पुढे एका केसाचे थोडे ग्राफ्ट लावून ती मऊ करता येते. रेष फार खाली असेल तर पुढचे ग्राफ्ट एकेक करून काढतात आणि जमल्यास मागे वापरतात. लेझरने ते केस घालवण्याचाही पर्याय असतो, पण मग ते ग्राफ्ट वाया जातात. हे काम पहिल्या ट्रान्सप्लांटपेक्षा अवघड, जास्त खर्चाचे आणि शिल्लक ग्राफ्टवर अवलंबून असते, म्हणून ज्या क्लिनिकने रेष चुकवली तिथेच ‘फ्री टच-अप’ घेण्याआधी दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाचे किंवा प्लास्टिक सर्जनचे मत घ्या. जाताना पहिल्या वेळचे कागद, ग्राफ्टचा आकडा आणि ट्रान्सप्लांटच्या आधीचे फोटो सोबत न्या.